तुम्ही विचारलंत म्हणून : खेड्यांचं आरोग्य शिकायला लंडनला कशाला?

एमबीबीएस झालेल्या मुलामुलींचे फोन येतात, त्यांच्या आईवडिलांचे येतात, लग्नकार्यात गाठ पडली की नातेवाईकही विचारतात. पीजीला गायनॅक (स्त्रीरोग) नाहीतर पेड्स (बालरोग) मिळत असताना तुम्ही जागतिक आरोग्य आणि आरोग्य-समता अशा विषयात मास्टर्स का केलंत? आणि आपल्या खेड्यांचं आरोग्य शिकायला लंडनला कशाला जायचं? फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि मग दिवसभर चुटपुट लागून राहते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गोष्ट बॉन्डच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या वर्षातली आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एकटी एमओ, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, होते. रात्री साडेनऊच्या सुमाराला एक जीप आली. बावीस वर्षांची बाई, दुसरं बाळंतपण, घरीच झालेलं. बाळ सासूच्या मांडीवर होतं. वार पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. दोन्ही हातांना सलाइन लावलं, गर्भाशय आवळून रक्त थांबावं म्हणून ऑक्सिटोसिन दिलं, सिस्टर आणि मी आळीपाळीनं पोट चोळत राहिलो. रक्त फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणार होतं. केंद्राची गाडी दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन गेलेली, आणि १०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली २०१४ साली, म्हणजे त्यानंतर. त्याच जीपमधून तिला पुढे पाठवलं. घाटात ती गेली.

केस पेपरवर मी लिहिलं, ‘उशिरा आणले.’ इंटर्नशिपमध्ये आम्ही सगळ्यांनी हेच लिहिलेलं पाहिलं होतं. ते लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दोन शब्दांत मी सुटले आणि सगळा दोष त्या सासूच्या पदरात पडला.

बाकीची हकीकत नंतर आशाताईंकडून कळली. नवरा दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेत छाटणीच्या कामावर गेला होता आणि घरातले पैसे त्याच्याकडे होते. आधीचं बाळंतपण घरीच सुखरूप झालेलं, त्यामुळे रक्त जास्त जातंय हे कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा जीपवाल्यानं डिझेलचे पैसे आधी मागितले. उपकेंद्रातल्या सिस्टर तालुक्याला मीटिंगला गेलेल्या. रस्ता नदीपाशी तुटलेला, म्हणून लांबच्या वाटेनं यावं लागलं. आणि एवढं करून ती माझ्यापर्यंत पोहोचली तर माझ्याकडे रक्त नव्हतं.

पुढे काही वर्षांनी लंडनच्या एका वर्गात बाईंनी फळ्यावर तीन रेघा ओढल्या. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली मांडलेला विचार त्या शिकवत होत्या: बाळंतिणीच्या मृत्यूमागचा उशीर तीन प्रकारचा असतो. दवाखान्यात न्यायचं ठरवण्यातला, तिथं पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. माझ्या डोळ्यांपुढे ती जीप उभी राहिली. नवऱ्याच्या खिशातले पैसे पहिल्या रेघेत, तुटलेला रस्ता दुसऱ्या, आणि तिसऱ्या रेघेत मी स्वतः, माझं केंद्र, माझा रिकामा फ्रीज. मी वहीत काही लिहू शकले नाही. शेजारी मलावीची एक सुईण बसली होती. तिनं मला न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. तिच्याकडेही अशीच एक जीप असणार, असं मला तेव्हा वाटून गेलं.

माझ्यासाठी या शिक्षणाचा गाभा हाच आहे. ‘उशिरा आणले’ म्हणून जिथं डॉक्टरचं पेन थांबतं, तिथून हा विषय सुरू होतो. उशीर कसा होतो, तो कुणाच्या वाट्याला येतो, कुणाच्या येत नाही आणि कोणत्या जागी हात घातला तर कमी होतो, हे मोजून दाखवायला शिकवतात. ब्रिटिश संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांची आरोग्यातल्या विषमतेची व्याख्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असते: टाळता येण्याजोगी, अनावश्यक आणि अन्यायकारक तफावत. म्हातारपणी गुडघे दुखतात, तरुणपणी नाही, ही अशी तफावत नव्हे. भारतातच, २०१८ ते २० या काळात, दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू केरळमध्ये १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसाममध्ये १९५ होते. बायकांची शरीरं सगळीकडे सारखीच असतात. हा फरक माणसांनी घडवलेला आहे.

लंडनचं म्हणाल, तर तिथं गेल्यावर माझा एक मोठा गैरसमज गळून पडला. मला वाटायचं, विषमता हा आपला, गरीब देशांचा आजार. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ मायकल मार्मट यांचं काम वाचलं. १९६७ साली ब्रिटनमध्ये सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. सगळ्यांना पगार, सगळ्यांना मोफत सरकारी उपचार, कुणीच उपाशी नव्हतं. तरीही सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघालं, आणि मधली प्रत्येक पायरी आपापल्या जागी. धूम्रपान, रक्तदाब सगळं हिशेबात धरलं तरी फरक उरतच होता. तिथल्या ज्युबिली लाइनबद्दल असं सांगतात की वेस्टमिन्स्टरहून पूर्वेला जाताना जवळजवळ दर स्थानकागणिक माणसांचं सरासरी आयुर्मान सुमारे एका वर्षानं घटतं. एका रविवारी मी तो प्रवास मुद्दाम केला. पार्लमेंटच्या दारातून बसले आणि आठव्या स्थानकावर, कॅनिंग टाउनला उतरले. जेमतेम वीस मिनिटं लागली असतील. फलाटावर उभी राहून मी सीएसएमटी ते गोवंडी या प्रवासाचा विचार करत होते, आणि आपल्या कुठल्याच लोकलच्या डब्यात स्थानकागणिक आयुर्मान दाखवणारा नकाशा का लावलेला नाही याचाही.

आणखी एक गोष्ट तिथं गेल्यावर कळली, खरं तर ती इथंच कळायला हवी होती. त्या वर्गांत जे शिकवतात त्यातलं कितीतरी आपल्याकडून गेलेलं आहे. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवलं नाही, घरीच औषधं दिली, तरी तो तितकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त धोका होत नाही, हे १९५० च्या दशकात मद्रासमध्ये सिद्ध झालं. त्यानं जगभरची उपचारपद्धत बदलली. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० साली जामखेडला उभे राहिले. गावातल्या, कधी शाळेत न गेलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. १९७८ साली अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ असं जगानं ठरवलं, त्यामागे अशा कामांचा अनुभव होता. डॉ. अभय आणि राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सलाच शिकले आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्या प्रशिक्षित बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्याची मुळं त्या कामात आहेत. परदेशी शिकून गावाकडे येण्याची वाट आपल्याकडे चांगली मळलेली आहे. मी कुठली नवी वाट पाडली, असं कृपा करून समजू नका.

म्हणूनच ‘लंडनलाच जायला हवं का?’ याला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात विद्यापीठाचा विभाग आहे. बाहेर गेल्याचा फायदा म्हणजे वर्गातली माणसं. सुईण, अर्थतज्ज्ञ, वकील, निर्वासितांच्या छावणीत काम केलेला फार्मासिस्ट, अशा लोकांशी वर्षभर वाद घालायला मिळतो. तोटाही आहे. लंडनची उष्णकटिबंधीय आजारांची शाळा १८९९ साली निघाली ती साम्राज्याची माणसं वसाहतींमध्ये जगावीत म्हणून, आणि त्या काळाची सावली अजून पुरती हटलेली नाही. आकडे आपल्या गावांतून गोळा होतात; पैसा, नियतकालिकं आणि शोधनिबंधावरचं पहिलं नाव बहुतेक वेळा तिकडचं. जाणाऱ्यानं हे डोळे उघडे ठेवून पाहावं आणि वर्गात बोलावं.

पैशांचं स्पष्ट सांगते. घर गहाण टाकून जाऊ नका. चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर किमान दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, कॉमनवेल्थ आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. ही पदवी घेऊन ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करता येत नाही, त्याच्या परीक्षा वेगळ्या असतात. परत आल्यावर पगार स्पेशालिस्टच्या जवळपासही जात नाही. आणि निम्मा अभ्यास संख्याशास्त्राचा असतो, तेव्हा फक्त कळकळ घेऊन जाऊ नका. आधी वर्षभर तरी खेड्यात नाहीतर वस्तीत काम करा. ज्याच्याकडे स्वतःची एक जीप नाही त्याला फळ्यावरच्या रेघा नुसत्या रेघा वाटतील.

कळकळ आणि मोजणी एकत्र आली की काय होतं, त्याचं २०२३ सालचं उदाहरण मी सगळ्यांना देते. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य आणि पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांमध्ये नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळीनं! माझी आजी ‘पोटाला नीट मिळालं की खोकला जातो’ म्हणायची. तिचं म्हणणं सरकारच्या टेबलावर ठेवायचं तर असा अभ्यास लागतो.

मी आता जिल्ह्याजिल्ह्यांत मातामृत्यूंच्या आढावा बैठकांना बसते. मागच्या महिन्यातल्या बैठकीत एका तरुण एमओनं वाचायला सुरुवात केली, ‘पेशंटला उशिरा आणलं.’ मी विचारलं, त्रास कधी सुरू झाला? घरातून किती वाजता निघाले? त्याला माहीत नव्हतं. मी रागावले नाही, त्याच्या जागी मी बसलेली आहे. त्यानं तिथूनच आशाताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, ‘सर, रक्त सव्वादोनला सुरू झालं. मी पावणेतीनला गाडीसाठी फोन केला. गाडी साडेसहाला आली.’ त्यानं पेन उचललं आणि सगळ्या वेळा एकाखाली एक लिहून घेतल्या.