बिल विदर्सने गाणं सोडलं ते बरोबरच केलं

अमेरिकन गायक-गीतकार बिल विदर्सचं नाव निघालं की कुणीतरी हमखास हळहळतं, की एवढा गोड गळा, एवढी सुंदर गाणी, आणि या माणसाने पन्नाशीच्या आत सगळं सोडून घरी बसावं? मला ही हळहळ कधीच पटली नाही. त्याचं आयुष्य नीट बघितलं तर लक्षात येतं की तो ज्यामुळे सोडू शकला त्याच गोष्टीमुळे त्याची गाणी तशी झाली.

जन्म ४ जुलै १९३८ चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधलं स्लॅब फोर्क, कोळशाच्या खाणींचं गाव, आणि सहा भावंडांत हा शेंडेफळ. वाढला जवळच्या बेकलीत, आईच्या आणि आजीच्या हाताखाली. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. बोलताना अडखळायचा, आणि ते लहानपणापुरतं नव्हतं, पार अठ्ठाविशीपर्यंत चाललं. मग नेव्हीत नऊ वर्षं काढली आणि १९६७ ला लॉस एंजेलिसला आला, तिथे फॅक्टरीत नोकरी, काम काय तर बोइंग ७४७ विमानांची टॉयलेट्स बनवायची. गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार घेतली, वाजवायला स्वतःच शिकला, आणि पगारातून पैसे बाजूला काढून डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायचे नमुने, रेकॉर्ड करत राहिला. म्हणजे बघा, १९७१ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा साहेब तिशी ओलांडलेले, पोटापाण्याचं काम हातात असलेले, जग बघितलेले. त्या वयात लोकांना नवीन गायक घडवता येत नाही, तो आधीच घडलेला असतो.

त्या अल्बमचं, म्हणजे ‘जस्ट अॅज आय अॅम’चं कव्हर एकदा नीट बघा. फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत काढलेला फोटो आहे, विटांच्या भिंतीपाशी उभा आहे आणि हातात जेवणाचा डबा. तो डबा फोटोसाठी कुणी आणून दिलेला नाही, त्याचाच आहे. गाण्याच्या धंद्याचा काय भरवसा म्हणून त्याने लगेच नोकरीसुद्धा सोडली नव्हती. पुढे याच अल्बममधलं ‘एन्ट नो सनशाइन’ हे गाणं प्रचंड खपून ‘गोल्ड’ झालं तेव्हा रेकॉर्ड कंपनीने त्याला सोनेरी टॉयलेट सीट भेट दिली होती!

आणि ते गाणं आधी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, पुढे होतं ‘हार्लेम’, पण रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून हेच वाजवायला सुरुवात केली. दोन मिनिटांच्या आसपासचं गाणं. मध्ये तो ‘आय नो, आय नो’ म्हणत सुटतो ते तब्बल २६ वेळा. तिथे खरं तर तो अजून शब्द लिहिणार होता, पण प्रोड्यूसर बुकर टी. जोन्स आणि बाकीचे म्युझिशियन म्हणाले की राहू दे असंच, आणि ही मंडळी आपल्यापेक्षा अनुभवी आहेत म्हणून त्याने ऐकलं. हेडफोन लावून ऐका, त्या जागी बाकी वाद्यं जवळजवळ गप्पच होतात, आवाज आणि ड्रम्स एवढंच उरतं, आणि माणूस स्वतःलाच काहीतरी पटवतोय पण पटत नाहीये असं वाटत राहतं. ते आठवं-दहावं ‘आय नो’ येईपर्यंत माझ्या अंगावर काटा येतो, आजही.

‘लीन ऑन मी’ तर अजून साधं. घरी पेटी असेल तर वाजवून बघा, सा रे ग म, मग म ग रे सा, सुरुवातीची चाल एवढीच आहे, आणि खाली कॉर्ड्सही तशाच पायरीपायरीने वर-खाली जातात. नवीन इलेक्ट्रिक पियानो घेतला होता, त्याच्या पट्ट्यांवर बोटं वर-खाली फिरवताना हे सुचलं. शब्द मागून आले, बेकलीतल्या त्या माणसांचे, जिथे एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणं रोजचंच होतं. १९७२ च्या जुलैमध्ये हे अमेरिकेत नंबर एकवर होतं. गाण्यात एक अवघड शब्द नाही. तिशीपर्यंत बोलायलाच कष्ट पडले असतील तर माणूस फालतू शब्द वापरतच नाही, असं मला फार वाटतं.

मग गाणं सोडलं कशामुळे? पहिली कंपनी, ससेक्स, १९७५ ला बंद पडली आणि तो कोलंबिया रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीकडे गेला. तिथे ‘लव्हली डे’ झालं, ज्याच्या शेवटी तो एकच सूर १८ सेकंद धरून ठेवतो, पण हळूहळू ऑफिसातली माणसं त्याला सांगायला लागली की असं गा, तसं कर, दुसऱ्याची गाणी म्हण. १९७८ नंतर थेट १९८५ पर्यंत त्याचा अल्बमच आला नाही. आणि मधल्या काळात, १९८१ ला, त्याचं सगळ्यात गाजलेल्यांपैकी एक ‘जस्ट द टू ऑफ अस’ आलं ते सॅक्सोफोनवाल्या ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या अल्बमवर, म्हणजे दुसऱ्याच कंपनीकडे. १९८५ चा अल्बम दिला आणि निघाला. बायको मार्शाने त्याच्या गाण्यांच्या हक्कांचा कारभार सांभाळला, दोन मुलं वाढली, गाणी जगभर वाजत राहिली. यात वाया काय गेलं सांगा? ज्याला फॅक्टरीत रोज डबा घेऊन जायची लाज वाटली नाही त्याला स्टेज नसल्याचीही भीती वाटणार नव्हती.

२०१५ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा स्टेजवर बोलवायला स्टीव्ही वंडर होता, आणि बिल भाषणात सगळ्यांना हसवत होता, कसलीही कटुता नाही. ३० मार्च २०२० ला हृदयविकाराने गेला, ८१ वर्षांचा होता. तेव्हा जग लॉकडाऊनमध्ये होतं आणि लोक घरात बसून एकमेकांसाठी ‘लीन ऑन मी’च गात होते.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर हिट गाण्यांची प्लेलिस्ट नको, ऑक्टोबर १९७२ मधला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलचा लाइव्ह अल्बम लावा. ‘ग्रँडमाज हँड्स’च्या आधी तो आजीबद्दल गप्पा मारतो ते अजिबात पुढे ढकलू नका, आणि मग ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ ऐका, व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेला एक पोरगा आईला पत्र लिहायला दुसऱ्याला सांगतोय, आणि नेव्हीत नऊ वर्षं काढलेला माणूस ते गातोय.