१९६७ मस्टँग ईव्ही : इंजिन गेलं, त्याची कामं मागे राहिली

मंडळी, माझी जुनी पेट्रोलची फोर्ड मस्टँग मी विजेवर आणतोय. "गाडी धावली का?" या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. मोटर टेबलावर फिरते, गाडीत अजून नाही. पण या खेपेला ब्रेक, हिटर आणि डॅशबोर्डवरचे काटे मार्गी लागले, आणि मला विचाराल तर खरं काम तिथेच होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी १९६७ची मस्टँग हार्डटॉप. चासिस नंबर ७एफ०१सी ने सुरू होतो, म्हणजे ६७चं मॉडेल, डिअरबॉर्नचा कारखाना, हार्डटॉप बॉडी आणि दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९ घनइंची, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, त्यामुळे गाडी जन्मगावाच्या जवळच आहे. अवयव आले २०१८च्या, मागून ठोकलेल्या निसान लीफ या विजेवरच्या गाडीतून: ११० किलोवॅटची मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसी विजेची मोटरसाठी एसी करणारा), चार्जर आणि ४० किलोवॅट-तासांची बॅटरी.

टेस्लाचं मागचं ड्राइव्ह युनिट (मोटर आणि गिअर एकत्र) का नाही, हे अजून कुणीतरी विचारतंच. ते बसवायचं तर मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), अ‍ॅक्सल आणि चासिसचा काही भाग कापावा लागतो. माझा नियम सोपा आहे: मूळ पत्र्याला करवत लागणार नाही. उद्या कुणाला व्ही-८ परत बसवावंसं वाटलं तर पान्यांनी काम व्हावं. म्हणून मूळ अ‍ॅक्सल, मूळ पाटे, आणि मोटरच्या मागे टी-५ हा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स.

गिअरबॉक्स ठेवण्याचं कारण हौस नाही, गणित आहे. लीफची मोटर ३२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, पण लीफमध्ये तिच्यापुढे आठपटीच्या आसपास रिडक्शन असतं, म्हणजे गिअर फेरे कमी करून जोर तितका वाढवतात. माझ्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर फक्त ३.००. मोटर थेट प्रोपेलर शाफ्टला जोडली तर चाकांपर्यंत ९६० न्यूटन-मीटर पोचतात. हायवेला ठीक, चढावर दयनीय. टी-५च्या दुसऱ्या गिअरमध्ये (१.९९) तेच १,९०० च्या वर जातात आणि पहिल्यात (३.३५) ३,२०० पार करतात. मूळ इंजिन कागदावर २०० हॉर्सपॉवरचं होतं, पण ते 'ग्रॉस' आकडे, पंखा-एक्झॉस्ट वगैरे बाजूला ठेवून टेस्ट बेंचवर घेतलेले. अमेरिकन कंपन्या १९७२पासून 'नेट' आकडे देऊ लागल्या आणि बऱ्याच ब्रोशरांतले घोडे एका वर्षात गायब झाले. त्यामुळे माझे १४७ हॉर्सपॉवर पाहून नाक मुरडू नका. क्लच काढून टाकलाय. मोटर थांबलेली असताना आयडलिंग नसतं, मग क्लच हवा कशाला? शहरात दुसरा, बाहेर तिसरा. तिसऱ्यात ताशी १०० किलोमीटरला मोटरचे फेरे साधारण ३,३०० पडतात, म्हणजे टी-५चे बेअरिंगही सुखात.

आता मूळ मुद्दा. इंजिन चाकं फिरवतं हे आपण लक्षात ठेवतो. पण घरातल्या न बोलणाऱ्या मोठ्या सुनेसारखं ते बाकीही सगळं सांभाळत असतं: ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम, हिटरला गरम पाणी, अल्टरनेटर फिरवून १२ व्होल्ट. ते गेल्यावर एकेक काम दारात येऊन उभं राहतं.

१२ व्होल्टचं सोपं होतं. लीफच्या चार्जरच्या डब्यातच मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे. ब्रेकसाठी दोन वाटा होत्या. विजेवरचा व्हॅक्यूम पंप स्वस्त, पण शांत गाडीत त्याची घरघर डोक्यात जाते. मी बॉशचा आय-बूस्टर घेतला. त्याला व्हॅक्यूम लागत नाही, आतली मोटरच दाब देते, आणि कॅनवर (गाडीतल्या यंत्रणांना जोडणारं वायरींचं जाळं) कुणी बोलत नसलं तरी नुसत्या १२ व्होल्टवर तो काम करतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकांशी त्याचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मधे पोलादी प्लेट. ६७ला अमेरिकेत ब्रेकचा दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आला होता, त्यामुळे पाइपांची मांडणी फारशी हलवावी लागली नाही.

हिटरला उच्च व्होल्टेजचा पीटीसी (पाणी तापवणारा विजेचा हिटर) आणि छोटा पंप. गरम पाणी जुन्याच हिटर कोअरमध्ये जातं. डॅश उघडलाच नाही. मिशिगनच्या जानेवारीत हे चैन नाही, काच साफ राहायला लागतंच.

सगळ्यात मजा काट्यांनी दिली. जुन्या फोर्डचा पेट्रोलचा काटा द्विधातूच्या पट्टीवर चालतो: टाकीतल्या सेंडरचा (पेट्रोलची पातळी सांगणारा भाग) रोध रिकामी असताना ७३ ओहम, भरलेली असताना १०. पाण्याच्या तापमानाचा काटाही त्याच घराण्यातला. आधी साधे रेझिस्टर लावून दोन्ही टोकं तपासली, मग झॉम्बीव्हर्टर या कंट्रोलरच्या (त्याच्याबद्दल पुढे) पीडब्ल्यूएम आउटपुटवर, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या सिग्नलवर, एक छोटा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडला. आता पेट्रोलचा काटा बॅटरीची टक्केवारी दाखवतो आणि तापमानाचा काटा इन्व्हर्टरचं. पट्टी तापायला वेळ घेत असल्यामुळे काटा थरथरत नाही, सावकाश सरकतो, अगदी ६७सारखा. स्पीडोमीटरची केबल सरळ टी-५मध्ये जाते. ऑइल प्रेशरचा काटा मात्र बेकार झालाय. त्याला काय काम द्यावं?

ज्यांना झॉम्बीव्हर्टर माहीत नाही त्यांच्यासाठी: ओपनइन्व्हर्टर प्रकल्पातला हा कंट्रोलर लीफच्या इन्व्हर्टरशी कॅनवर त्याच्याच भाषेत बोलतो. मुख्य कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा मोठा स्विच) लागण्याआधीचा प्रीचार्जही तोच सांभाळतो. इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर बॅटरीला जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखे दिसतात. आधी रेझिस्टरमधून भरले नाहीत तर कॉन्टॅक्टरची टोकं वितळून चिकटू शकतात. पूर्ण चार्जला ९६ सेलची मालिका ४०० व्होल्टच्या वर असते. सर्व्हिस प्लग (बॅटरीची साखळी तोडणारा) काढा, थांबा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणी नाही, म्हणजे माझ्या वायरिंगकडे दुसरं कुणी बघणार नाही.

बॅटरीची जागा मस्टँगनेच दाखवली. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. टाकी उतरवली की सरळ चौकोनी भोक उरतं, त्यात एक पेटी बसते. उरलेले मॉड्यूल पुढे, जिथे इंजिन होतं. दोन्ही पेट्यांना स्वतंत्र फ्यूज.

पुण्याच्या मित्राने जुन्या जीपसाठी हाच कित्ता गिरवायचा विचार बोलून दाखवला. तिकडे एआयएस-१२३ या मानकाखाली मान्यता मिळालेलं किट आणि आरटीओची नोंद लागते. गॅरेजातला जुगाड चालत नाही. आधी ते बघ, मग लीफ शोध.

आवाजाचं विचारणाऱ्यांना: डॉजने आपल्या 'चार्जर' नावाच्या विजेवरच्या गाडीला कृत्रिम एक्झॉस्टचा आवाज दिलाय. मी देणार नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात शेकडो व्ही-८ घुमत असतात, त्यात स्पीकर लावून कोण मिरवणार? टी-५च्या गिअरांची शीळ ऐकू येईल, तेवढी पुरे.

पुढचं काम मोटर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलरचं. लेथवर डायल गेज लावून रनआउट (फिरताना होणारं डगमगणं) ०.०५ मिलिमीटरच्या आत बसल्याशिवाय मी ते फिरवणार नाही. त्यानंतर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून मागच्या पाट्यांना एक पान वाढवायचं का ते ठरवेन. कुणी ६७-६८ला मागे बॅटरी टाकली असेल तर पाटे कोणते घेतले ते सांगा.