भंडारदऱ्याचा फेरा: दगडवहीतली नवी नोंद

दगडवहीचं, म्हणजे फिरताना दिसलेल्या कातळाच्या नोंदी ठेवायच्या आमच्या वहीचं काम पुढे सरकलंय. एरवी भंडारदऱ्याला गेलो की नजर कळसूबाई, रतनगडावरच असायची. या वेळी रस्त्यालगतचा कातळ वाचता आला, आणि वाचला तो पोरांनी.

फेरा शेंडीहून डाव्या अंगाने घेतला. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करून मुरशेतमार्गे परत. या क्रमाला कारण ऊन. साम्रदची सांधण दरी इतकी अरुंद आहे की तळाला उजेड भरदुपारीच मिळतो. घाटघरचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सगळा सावलीत असतो, थर कळत नाहीत. उन्हं कलली की एकेक पायरी उठून दिसते.

खरं घबाड मिळालं ते रतनवाडीच्या अलीकडे, रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत. जेमतेम कंबरेएवढा लाव्हाचा एक पदर, पण अख्खा. तळाशी पेन्सिलीएवढ्या जाड उभ्या नळ्या, पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. मध्ये घट्ट काळा दगड, एकही भोक नाही. आणि वरचा भाग बुडबुड्यांनी चाळणी झालेला. लाव्हा पसरताना वायू वर चढतो आणि थिजत आलेल्या सायीखाली अडकतो, म्हणून भोकं वरच्या अंगाला जास्त. हे एकदा सांगितल्यावर धाकटीने पुढच्या वळणावर गाडी थांबवायला लावली. "बाबा, इथे एक पदर संपून दुसरा सुरू होतोय!" बरोबर होतं तिचं. नळ्या किंचित कललेल्याही होत्या. लाव्हा कोणत्या दिशेला सरकला त्याची ती खूण असू शकते, म्हणून होकायंत्र लावून दिशा टिपून ठेवली.

हे सगळे दख्खनच्या लाव्हाचे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. भूवैज्ञानिकांनी यातल्या खालच्या थरांच्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलंय, हे ऐकून आईला फार बरं वाटलं. ती अमृतेश्वराच्या दर्शनाला गेली, तेवढ्यात पोरं देवळाच्या दगडात बुडबुडे शोधत बसली. सापडलेही.

सांधणमध्ये सुरुवातीचा टप्पाच केला. पुढे दोर लागतो, लहान मुलांना घेऊन ते करू नये. पावसाळ्यात तर मुळीच उतरू नका, दोन्ही बाजूंनी सरळ भिंती असतात आणि लोंढा आला तर चढायला जागा नसते. पण त्या सुरुवातीच्या भागातही कातळातल्या उभ्या भेगा पाण्याने कशा रुंदावत नेल्या ते हाताने चाचपून कळतं.

हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर. गारगोट्या कितीही चमकल्या तरी उचलायच्या नाहीत. आम्ही मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढतो आणि वहीत जागा लिहितो. हातोडी घरीच असते.

पुढचा फेरा मे महिन्यात. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं पाणी तोवर बरंच उतरलेलं असतं आणि एरवी बुडालेला काठाचा कातळ उघडा पडतो. तिथे नळ्यांची दिशा पुन्हा मोजायची आहे. उडदावणे किंवा पांजरेच्या बाजूला कुणाला अशा नळ्या दिसल्या असतील तर जागा जरूर कळवा.