नंदादेवीचं मॉडेल : भिंत उभी, दरी बाकी

हिमालयातल्या नंदादेवी शिखराभोवतालचं डोंगरांचं कडं चिकटवून झालं. प्रमाण १:५०,००० च ठेवलंय, दोन मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे शंभर मीटर. उभं प्रमाण वाढवून डोंगर उठावदार करायचा मोह आपल्यापैकी सगळ्यांनाच होतो, पण ७,८१६ मीटरच्या या बाईला त्याची गरज नाही. नैर्ऋत्येला हिमनदीपासून माथ्यापर्यंत आडवं अंतर ४.२ किलोमीटर आणि चढ ३,३०० मीटर. म्हणजे साडेआठ सेंटिमीटरांत तेहेतीस थर! प्रत्येक थराची कड सरासरी अडीच मिलिमीटरच दिसते, कटर तिथे श्वास रोखूनच फिरवावा लागतो.

पुठ्ठा खजुरी बाजारातला. इंदूरच्या पावसाळी हवेत तो गोंद लागताच वाकतो, म्हणून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवतोय. शेजारच्या काकूंना हा गणपतीच्या आराशीतला कैलास वाटतोय. मी अजून काही बोललेलो नाही.

कडं लावताना इतिहास नीट उमगला. सुमारे ११० किलोमीटरचा हा घेर पश्चिमेची ऋषीगंगा नदीची फट सोडली तर कुठेही ५,००० मीटरच्या खाली येत नाही. ब्रिटिश गिर्यारोहक लाँगस्टाफ १९०५ मध्ये पूर्वेच्या खिंडीत पोचला, पण आत उतरणं जमलं नाही. दोन वर्षांनी याच घेरावरचं त्रिशूल शिखर त्याने सर केलं. त्याच्याच देशाच्या रटलेजनेही पुन्हा पुन्हा धडका दिल्या. शेवटी १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक, सोबत आंग थारके, पासांग आणि कुसांग हे शेर्पा, त्या फटीतूनच आत गेले. वाट सापडल्यावर शिखराला दोनच वर्षं लागली. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल माथ्यावर होते. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत याहून उंच शिखरावर कोणी पोचलं नव्हतं. माझ्या मते खरी चढाई १९३४ चीच.

मुख्य आणि पूर्व शिखरांमधली धार मात्र वेगळीच गोष्ट. पूर्व शिखर, ७,४३४ मीटर, पोलिश गिर्यारोहक बुयाक आणि क्लार्नर यांनी १९३९ मध्ये गाठलं. १९५१ मध्ये द्युप्ला आणि विन्ये हे फ्रेंच गडी मुख्य शिखराकडून धारेने तिकडे निघाले, ते परतलेच नाहीत. त्यांच्या शोधात तेनझिंग आणि द्युबो पूर्व शिखरावर चढले. दोन किलोमीटरची ती धार माझ्या बोर्डवर चार सेंटिमीटर आहे. हा तुकडा कापताना हात आपोआप संथ झाला.

आता अडलंय ते ऋषीगंगेशीच. एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीच्या) उंचीच्या डेटात अशा अरुंद, खोल दरीत रडारची सावली पडते आणि भोकं राहतात. भोकं बुजवलेली आवृत्ती घेतली तर कडे गुळगुळीत उतार होऊन बसतात. आतलं खोरं १९८३ पासून बंद, त्यामुळे भिस्त जुन्या फोटोंवरच. दरीत आडवे थर सोडून दोन्ही बाजूंचे कडे उभ्या पट्ट्यांनी लावायचे ठरवलंय. कोणी अशी जोडणी केली असेल तर सांधा कसा लपवलात ते कळवा.