तिहाईत चुकलेली सम

गेले आठ महिने मी प्युअर डेटा या संगीताच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लेहऱ्याचा पॅच, म्हणजे प्रोग्रॅम, बनवतोय. लेहरा म्हणजे सोलो तबल्यामागे दर आवर्तनाला परत परत वाजणारी धून. रेकॉर्ड केलेला लेहरा नाही, तबला ऐकून स्वतः लय सावरणारा आणि दर आवर्तनाला स्वरांची थोडी वेगळी जागा घेणारा. तबल्याला माईक लावायचा, बॉन्क नावाचा ऑब्जेक्ट आघात ओळखतो, त्यांच्यातल्या अंतरावरून लय काढायची. साध्या ठेक्यावर झकास चालत होतं.

परवा शेजारच्या काकांना पहिल्यांदा वाजवायला बसवलं, चाळीस वर्षांचा हात आहे त्यांचा. सोळा मात्रांचा तीनताल, कायदा, त्याचे पलटे सगळं छान गेलं आणि मग त्यांनी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, चौगुनीत (मात्रेला चार बोल) बेदम तिहाई घेतली. म्हणजे एकच तुकडा मधे न थांबता तीनदा वाजवून शेवटचा धा समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. तर माझा लेहरा जवळजवळ अर्धी मात्रा आधीच समेवर जाऊन बसला. परत घेतली, परत तेच. काकांचा हात समेवर पडला तेव्हा लेहरा पुढे निघून गेलेला, फार वाईट वाटलं मला.

आधी बफरवर, म्हणजे आवाज साठवून पुढे देणाऱ्या भागावर, संशय घेतला, पण सेकंदाला 44100 सॅम्पल असताना 64 सॅम्पल म्हणजे दीड मिलिसेकंद, त्याने अर्धी मात्रा कशी जाईल? मग कागदावर मांडलं. नवव्या मात्रेपासून समेपर्यंत 8 मात्रा, चौगुनीत 32, समेचा धा धरून 33, म्हणजे 11 बोलांचे तीन पल्ले, प्रत्येकाच्या शेवटी धा. दोन धांमधलं अंतर पावणेतीन मात्रा! पॅच त्याला सरळ 3 धरत होता आणि समजत होता की लय 9 टक्क्यांनी वाढली.

मी म्हटलं काका, दुरुस्त करतो, तिहाई ओळखायला शिकवतो त्याला. तर ते म्हणाले, "अरे पण तो माझ्या मागं येतोच कशाला? लेहरा हलला तर मी तिहाई कशावर मोजायची?"

आणि तिथेच सगळं कळलं. 1984 मधे बॅरी व्हर्को आणि रॉजर डॅननबर्ग यांनी आपापल्या परीने कॉम्प्युटरला वादकाची साथ करायला शिकवलं, ते वाचूनच मी या नादाला लागलो. तिथे लय वादकाची, साथ मागून येते. सोलो तबल्याला नेमकं उलटं लागतं, लेहरेवाला लय धरून बसतो म्हणून तबलजी मोकळा सुटतो.

रात्री बसून लय काढणारा अख्खा भाग काढून टाकला. आता आघातांवरून फक्त स्वरांच्या जागा आणि आवाजाची जोर-नरमी बदलते, लय वाढवायची तर काका पायाने पेडल दाबतात. सकाळी तीच तिहाई तीनदा घेतली, तिन्ही वेळा धा आणि सम एकत्र पडले. काकांनी मान हलवली आणि न थांबता पुढचा कायदा धरला.