वन्सं मोर नव्हेत

२०१९ ची डायरी मी अजून टाकलेली नाही. एकही पान कोरं नाही तिच्यात. ‘संगीत सौभद्र’मध्ये सुभद्रा म्हणून चौतीस प्रयोग, एका रोजच्या मालिकेत थोरल्या जावेची भूमिका आणि मध्येच एका सिनेमात सहा दिवसांचं काम. पुढच्या वर्षीच्या डायरीत मार्चनंतर काहीच नाही, त्यामुळे या डायरीची किंमत जरा वाढली, एवढंच.

सिनेमाचं आधी सांगून टाकते. ‘गाणारी बाई हवी’ म्हणून मला बोलावलं होतं. जुन्या नाटक कंपनीतल्या नटीची भूमिका, एक पद, शालू-नथ वगैरे. सेटवर गेले तर पद आधीच रेकॉर्ड झालेलं, दुसऱ्या गायिकेच्या आवाजात. ते स्पीकरवर लावणार आणि मी ओठ हलवायचे. तिनं जिथे श्वास घेतलाय तिथेच मी घ्यायचा. शॉट झाल्यावर एक असिस्टंट कौतुकानं म्हणाला, “ताई, लिपसिंक एकदम परफेक्ट! गाण्यातलं कळतं वाटतं तुम्हाला?” मी हो म्हटलं. काय सांगणार?

मालिका मात्र पोटासाठी. संगीत नाटकाच्या गाडीत नटांशिवाय ऑर्गन, तबला, कपडेपट असा सगळा संसार चढतो. त्यातून आपल्या वाट्याला येणाऱ्या ‘नाईट’वर, म्हणजे एका प्रयोगाच्या पैशांवर, घर चालत नाही. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी हातात पडतात, पण पडतात. मी तारखा देताना एकच अट घातली होती, प्रयोगाच्या दिवशी मला तीनला सोडायचं. तोंडी अट होती, आणि तिथेच चुकलं.

५ नोव्हेंबर. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी ठाण्याला गडकरी रंगायतनला रात्री साडेआठचा प्रयोग होता, त्याआधी नटराजपूजन. शूटिंग घोडबंदर रोडच्या एका बंगल्यात, सकाळी सातचा कॉल. ठाण्यातल्या ठाण्यात तर आहे, असं वाटून मीच दोन्ही घेतलं होतं.

त्या दिवशीचा सीन होता सासऱ्यांच्या निधनाचा. मालिकेत माणूस मेला की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याचा जवळून शॉट, म्हणजे क्लोज, घ्यावा लागतो, आणि आमचं घर अकरा जणांचं. सगळ्यांना एकत्र घेणाऱ्या मास्टर शॉटला मी हंबरडा फोडला. पुरेसा नव्हता म्हणून परत फोडला. मग एकेकाचे क्लोज सुरू झाले. दर वेळी माझा आवाज कॅमेऱ्याच्या बाजूनं हवा, म्हणजे समोरच्याची रिअ‍ॅक्शन येईल. शहाण्या नट्या अशा वेळी नुसत्या ‘बाबा, बाबा’ पुटपुटतात. मी दर वेळी पूर्ण आवाजात रडत होते. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय घशातून जात नाही. साउंडवाला दोनदा येऊन म्हणाला, “ताई, पदराला लेपल माइक आहे, एवढं नको.” धाकटी जाऊ झालेली मुलगी तर कळवळली, “ताई, क्लोज माझाय, तुम्ही कशाला जीव काढताय?” डोळ्यांत ग्लिसरीन घालता येतं, घशात कुठलं काय? खोटं रडताना तो खराच आवळला जातो. सातव्या की आठव्या क्लोजला मला माझ्या आवाजात वाळू ऐकू आली.

तीनचे पावणेसहा झाले. ‘उद्याचा एपिसोड आहे, बँक नाही’, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड शिल्लक नाहीत, हे वाक्य त्या वर्षी मी इतक्यांदा ऐकलं की आता बँकेसमोरून जातानाही आठवतं. घोडबंदरला मेट्रोचं काम सुरू होतं. एरवी पाऊण तासाचा रस्ता, पोचायला साडेसात झाले. गाडीत मी एक अक्षर बोलले नाही. कुजबुजलेही नाही, कारण बसलेल्या घशाला कुजबुज जास्त जाचते. हे आमच्या घशाच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. ड्रायव्हरला वाटलं मी चिडलेय. ते खरं होतंच.

मेकअप रूममध्ये पाय ठेवला तर तिथे हेअर ड्रायरवरून भांडण चाललेलं. त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. दमट हवेनं तबल्याचं पान, म्हणजे वरचं कातडं, सैल पडत होतं. चढवावा तर दहा मिनिटांत उतरायचा. म्हणून तबलजी ड्रायरनं तबला शेकत होते आणि केस सेट करणारी मावशी त्यांच्या डोक्यावर उभी होती, “अहो, माझ्या रुक्मिणीचं गंगावन ओलंय!”

मी ऑर्गनवाल्या काकांसमोर बसले आणि ‘सा’ लावला. काकांनी भात्यावरचा पाय काढून घेतला. चाळीस वर्षं लोकांचे सूर ऐकणारा माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. “कुठे फाडून आलीस?” एवढंच विचारलं.

माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा ‘सा’. ती उतरवायची तर पेटीवर बोट सरकवलं की झालं, असं बाहेरच्याला वाटतं. पण तबला त्याच सुरात लावलेला असतो. आमच्याकडे दोन तबले, पुरुषांसाठी काळी एकचा आणि माझ्यासाठी काळी चारचा. मी काकांना बोटांनी पांढरी चार दाखवली. तबलजींनी ड्रायर बंद केला. “दीड सूर? ताई, पान लोळेल, थप्प वाजेल नुसता. अर्धा सूर उतरवतो, पांढरी पाच. त्याच्याखाली माझ्याकडे काही नाही.” आणि हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या काठच्या चामड्याच्या वेणीवर, ठोकायला बसले. मघापासून जो जीव तोडून चढवत होते, तोच आता माझ्यापायी उतरवायचा. तोंडातून शब्द काढला नाही त्यांनी. हातोडी मात्र नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजत होती.

नटराजापुढे नारळ फुटला, आणि प्रमुख पाहुण्यांनी भाषणात ती गोष्ट सांगितलीच. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, तरी ते रंगमंचावर उभे राहिले आणि गायले. ही गोष्ट मला आठव्या वर्षापासून ऐकवली गेलीय, ताप आला तरी आणि पाय मुरगळला तरी. खरं सांगू? मला ती कधी सोसलीच नाही. ते थोर होते, प्रश्नच नाही. पण त्या गोष्टीच्या जोरावर पुढच्या शंभर वर्षांत किती जणांच्या रजा नाकारल्या गेल्या असतील, असा हिशेबी विचार माझ्या मनात येतो. त्या दिवशीही आला. मग तिसरी घंटा झाली आणि मी नांदीला उभी राहिले.

आमचं ‘सौभद्र’ अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ चं. मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत, आम्ही कापून कापून तीन तासांत बसवलेलं. पहिला अंक मी चोरून काढला. खालच्या सुरात खेळायचं, ताना गाळायच्या, शब्द पुढे करायचे. काका माझ्या आवाजाखाली ऑर्गन भरून धरत होते, पडक्या भिंतीला टेकू द्यावा तसा. दुसऱ्या अंकातलं मोठं पद आलं. सुभद्रेचं लग्न मनाविरुद्ध दुर्योधनाशी ठरलंय आणि ती एकटीच तडफडतेय, ती जागा. अंतऱ्यात तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’. तो मी गाळू शकत होते. तोंड उघडलं तेव्हाही गाळायचाच, असं ठरलं होतं. पण पायाखाली लाकूड असलं की बाईचं डोकं चालत नाही. मी ‘सा’वर गेले.

आवाज आलाच नाही. नुसती हवा, सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी. काकांनी त्याच क्षणी ऑर्गनचा ‘सा’ भरून लावला, तबला सम गाठायला निघाला, आणि मी उरलेली ओळ जवळजवळ बोलत समेवर आले. थिएटर गप्प. मग तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा खणखणीत आवाज आला, “वन्स मोअर!”

त्यांना ऐकू कमी येत होतं, की बाईला धीर द्यावा वाटलं, की पाठ सवय, मला आजही कळलेलं नाही. एकानं म्हटलं की दहा जण म्हणतात. टाळ्या सुरू झाल्या. वन्स मोअर नाकारायचा नाही, हे आमच्या हाडांत भरलेलं. मी काकांकडे पाहिलं. ते पिटातून मान हलवत होते, नाही, नाही.

आमची रुक्मिणी, म्हणजे नाटकातली सुभद्रेची वहिनी, साठी ओलांडलेल्या बाई. त्यांची एन्ट्री अजून पानभर लांब होती. पण विंगेतून त्या थेट चालत आल्या, ओलं गंगावन सांभाळत. माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेक्षकांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “वन्सं मोर नव्हेत हो, कोकिळा आहेत. आणि कालपासून रडून रडून कोकिळेचा घसा बसलाय.”

एक क्षण काहीच नाही. मग बाल्कनीतून हसू फुटलं ते खालपर्यंत आलं. ते गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी तेवढ्यात मला हाताला धरून बसवलं आणि पुढचं वाक्य उचललंसुद्धा, जणू संहितेत असंच आहे. प्रयोगानंतर आत एक जाणकार आले, “सौभद्रात असला पाणचटपणा चालत नाही,” म्हणून बाईंना सुनावून गेले. बाई मिशीचा डिंक काढणाऱ्या बलरामाला म्हणाल्या, “यांना पुढच्या प्रयोगाला वन्स मोअरला उभं करा.”

दुसऱ्या दिवशी सातचा कॉल होताच. सुतकाचा सीन, कालच्याच कंटिन्युटीत. मी घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य म्हटलं आणि मॉनिटरमागून दिग्दर्शक उठून उभे राहिले. “वा ताई! रात्रभर रडलेल्या बाईचा आवाज! असाच ठेवा.” मी गरम पाण्याचा थर्मास दाखवला. त्यांना वाटलं मी चहा विचारतेय.

एपिसोड लागला तेव्हा मी घरी होते. सासरे गेले, कॅमेरा अकरा चेहऱ्यांवरून संथपणे फिरला, मी तोंड उघडून हंबरडा फोडला. त्यावर सगळीकडे कुणा गायिकेचा आलाप टाकला होता. माझा आवाज एकदाही आला नाही. आलाप चांगला होता. काळी चारच असावी.