मेडलच्या कडेवरची अक्षरं

रविवार, रात्री साडेदहा

आज आत्याकडून मेडल आणलं. खणाच्या तुकड्यात गुंडाळून देवघरातल्या पेटीत ठेवलेलं. चांदी पार काळवंडली आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस. चार पिढ्यांनी हे हाताळलं, पण कड कुणी वाचलीच नव्हती. भिंग धरलं तर बारीक इंग्रजी अक्षरं: नंबर, शिपाई, नाव, ११७ मराठा.

नाव आधी परकंच वाटलं. कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं त्यानं लिहिलेलं. मग मोठ्यानं वाचलं आणि ओळख पटली. पणजोबांचे थोरले भाऊ.

घरात त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं, ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत.’ पलटण कळली आणि बसऱ्याच्या पुढची वाट दिसायला लागली. पहिलं महायुद्ध, इंग्रजांच्या फौजेतली सहावी पुणे डिव्हिजन, तिचे सेनापती जनरल टाउनशेंड, इराकात तैग्रिस नदीच्या वळणावरचं कूत गाव. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथं कोंडल्या गेल्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. उपासमारीनं खंगलेल्या शिपायांना उन्हातून बगदाद, मोसुल करत पार सीरियातल्या रास-अल-ऐनपर्यंत चालवलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीजण वाटेतच गेले.

बसऱ्याच्या स्मारकाचं वाचलं आणि पुढं वाचवेना. ४०,००० हून अधिक मृतांचं ते स्मारक. हिंदी अधिकाऱ्यांची नावं त्यावर आहेत, साध्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. आमच्या चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटीही तशीच. गावातून इतके महायुद्धावर गेले, त्यातले इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. दर दिवाळीला चुन्याचा हात फिरतो, आता आकडेही बुजत आलेत. लहानपणी त्याच पाटीखाली आम्ही सागरगोटे खेळायचो.

नावं नव्हती असं नाही. युद्धातल्या मृतांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्या नोंदींत ती आहेत. कुठं बापाचं नाव, कुठं बायकोचं, खाली गाव आणि सातारा, रत्नागिरी. नाव ठाऊक असून दगडावर आलं नाही, हे मला फार लागलं. शेवटी पलटणीच्या नंबरावरूनच आमचं माणूस सापडलं. बापाचं नाव जुळलं. गावाचं नाव मोडकंतोडकं, पण आमचंच.

लगेच आत्याला फोन केला. नाव ऐकून ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “वेढ्यात होता म्हणतेस, मग तिथं खाल्लं काय गं त्यानं?”

कूतमध्ये धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले. कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस आधी नाकारलं, जात जाईल म्हणून. रानातला पाला उकडून खाल्ला.

मी म्हटलं, “भाजीपाला मिळायचा, आत्या.”